चुन्याच्या भिंतीला सिमेंट

नोकरीच्या काळात मी पुष्कळ अहवाल लिहिले. पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे, एका कोसळलेल्या शाळेचे. त्यातला एकही आज शब्दशः आठवत नाही. एक पान मात्र तोंडपाठ आहे. ते मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या कॉलेजात, उसन्या टाइपरायटरवर लिहिलं. त्या पानाने एका म्हाताऱ्या माणसाची उरलेली एकमेव भिंत खाल्ली.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. माणसांचीही लिहीत नाही. नावं लिहिली की राग त्यांच्यात वाटून टाकता येतो आणि आपल्या वाट्याला थोडाच उरतो. ती सोय मला नको आहे.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून अभ्यासरजा घेऊन काँक्रीटवर मास्टर्स करायला गेलो होतो. बायको आणि मुलगी गावी. तीन मराठी मुलांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. पोरं बावीस-तेवीसची, पुण्या-मुंबईची, हुशार आणि तोंडाळ. मला काका म्हणायची. पहिल्याच आठवड्यात भात लावता लावता पुण्याच्या मुलाने विचारलं, "काका, तुमचे वडील काय करतात?"

"बांधकामात आहेत."

"म्हणजे बिल्डर! अरे, काका तर मोठी पार्टी निघाले यार!"

मी हसलो. दुरुस्त केलं नाही.

माझे वडील गवंडी होते. तेही सिमेंटचे नव्हेत, चुन्याचे. जुन्या मशिदी, देवळं, निजामाच्या काळातल्या कचेऱ्या यांच्या डागडुजीला त्यांना बोलावत. कळीचा चुना भिजवायचा, महिनोन् महिने मुरवायचा, मग बैलाच्या दगडी घाणीत मळायचा. त्यात हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळाचा गर. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम भेगा असत आणि जेवताना तिखट लागलं की ते हात झटकत. आमची वस्ती गावाबाहेरची. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून त्यांनी मला शिकवलं ते एवढ्यासाठी, की माझ्या हाताला चुना लागू नये. तो लागला नाही. त्यांच्या धंद्याची लाज मात्र लागली, आणि ती मी एकट्याने कमावली. त्यांनी शिकवलेली नव्हती.

कॉलेजच्या लायब्ररीत शिरलं की समोरची अख्खी भिंत रंगवलेली होती. त्याच गावातली माणसं: खाणीतले कामगार, खानावळीत भांडी घासणाऱ्या बायका, बर्फ ओढणारा झाडूवाला, बाकावर झोपलेला विद्यार्थी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेलं चित्र. गिलावा ओला असेपर्यंतच रंग आत शिरतो, वाळला की संपलं. म्हणून रोज सकाळी दिवसभरात रंगवता येईल एवढाच तुकडा लिंपायचा. नीट पाहिलं की त्या तुकड्यांचे सांधे दिसत. एका बाईचा चेहरा एका दिवसाचा, तिचा एप्रन दुसऱ्या दिवसाचा.

उजव्या कोपऱ्यात खाली एक माणूस उकिडवा बसला होता. काळा, उघडा, धोतराचा काचा मारलेला, मान खाली, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या लगद्याने माखलेले. त्या कॉलेजात सगळे त्याला 'द बेगर' म्हणत. पहिल्यांदा तिथून जाताना पुण्याचा मुलगा म्हणाला, "बघा काका, आपला भिकारी! आपली इमेज साली इथेपण हीच."

तो माणूस चुना मळत होता. त्याच्या डाव्या मनगटाचा बाक पाहूनच मला कळलं. लगदा पुरेसा चिकट झालाय का, हे तळहाताच्या कडेने तसंच बघतात. माझे वडील तसंच बघत.

"हो ना," मी म्हणालो. "काय इमेज!"

ज्याने ती भिंत रंगवली तो त्या कॉलेजात कला शिकवणारा इटालियन होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त झालेला, तरी रोज यायचा. त्याला मी मनात मास्तर म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

जानेवारीत थंडीने त्या भिंतीमागचा पाण्याचा पाइप फुटला. उजवा कोपरा भिजला. माझ्या गाइडने मला ओल मोजायचं यंत्र देऊन पाठवलं. मी आकडे टिपले आणि मग, अजिबात विचार न करता, यंत्र खाली ठेवून बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेलो. कान लावून. ठोक, ठोक, आणि जिथे आवाज बदलला तिथे थांबलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय म्हणते?"

मास्तर होते. जाड कोट, नाकाला पाणी, हातात टोपी.

"इथे पोकळ आहे," मी म्हणालो. "चित्राच्या पायापाशी. वर घट्ट आहे."

"यंत्राने सांगितलं?"

"नाही."

"मग हे कुठे शिकलास?"

"कॉलेजात."

ते मोठ्याने हसले. कॉलेजात भिंतीला कान लावायला शिकवत नाहीत, आणि ही थाप मी ज्याला मारत होतो तो स्वतः कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झाला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी लायब्ररीत दिसलो की ते येऊन शेजारी बसायचे आणि बोलायचे. मोडकं इंग्रजी, हात सतत हवेत.

ते मध्य इटलीतल्या एका डोंगरी खेड्यातले. बाप चांभार. बापाला मुलगा पाद्री व्हायला हवा होता. अकराव्या वर्षी गावातल्या चर्चच्या भिंती दुरुस्त करायला एक कारागीर आला आणि हे त्याच्या मागे पाणी वाहायला लागले. पाच वर्षं फक्त चुना गाळला. "ब्रश? ब्रश सहाव्या वर्षी. आधी चुना." मग शहरात कलाशाळा, स्पर्धा, बक्षीस. आणि पहिलं मोठं काम मिळालं ते फॅसिस्ट पक्षाच्या कचेरीची भिंत. कणसं, फावडी, शिस्तीत उभे कामगार, वर पुढाऱ्याचा जबडा.

"तुम्हाला जबरदस्ती केली?" मी विचारलं.

"नाही," ते चिडून म्हणाले. "मला कोणी बंदूक लावली नव्हती. मला भिंत हवी होती. त्यांनी दिली. मी जबडा काढला. चांगला काढला!"

पुढे लोकांनी ती भिंत छिन्न्यांनी खरवडली. मास्तर म्हणाले, मी गावात असतो तर मीही एक छिन्नी घेऊन गेलो असतो. दुसरी भिंत एका चर्चची होती, ती बॉम्बमध्ये गेली. तिसरी हिंदुस्थानात.

दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढताना ते इंग्रजांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून भोपाळजवळच्या छावणीत आले. चार वर्षं. तिथल्या कैद्यांनी एक छोटं चर्च बांधलं आणि त्याची भिंत यांना दिली. उन्हाळ्यात गिलावा तासाभरात वाळायचा, रंग धरेना. छावणीत बांधकामाला येणाऱ्या एका गवंड्याने ते चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी तो येऊन शेजारी बसला, यांचा चुना बोटात घेतला, थुंकला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा घेऊन आला. तो गिलावा दुपारपर्यंत ओला राहिला. कैद्यांशी बोलायला मनाई होती, त्यामुळे त्याचं नावही यांना कळलं नाही. युद्ध संपल्यावर छावणी मोडली, चर्चही पाडलं.

"तो माणूस मी इथे आणला," कोपऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "माझे मोठे गुरू दोनच. एकाचं नाव गावाने रस्त्याला दिलं. दुसऱ्याला हे लोक भिकारी म्हणतात."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तो चुन्यात काहीतरी घालायचा. एक फळ. गोल, लाकडासारखं कडक, आत पिवळं, चिकट. वास अजून नाकात आहे. तुम्ही त्याला काय म्हणता?"

शेजारच्या टेबलावर आमच्या अपार्टमेंटमधला पुण्याचा मुलगा बसला होता. पुस्तक उघडं होतं, कान इकडे.

"माहीत नाही," मी म्हणालो.

बेल. एक शब्द. तो माणूस चाळीस वर्षं त्या एका शब्दासाठी थांबला होता आणि माझ्या तोंडात तो होता. मी गिळला. का, तर मुलाने विचारलं असतं, काका, तुम्हाला कसं माहीत? बस्स, एवढ्यासाठी. मला आजही त्या मुलाचा राग येतो आणि त्याने तर काहीच केलं नव्हतं, तो नुसता बसला होता.

फेब्रुवारीत भिंतीसाठी कमिटी बसली. मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. भिंत चुन्याची आहे, दुरुस्ती चुन्यानेच करा. माझ्या घरामागे खड्ड्यात नऊ वर्षं मुरलेला चुना आहे, तो देतो. पण थंडीत चुना धरत नाही. मे महिना येऊ द्या. पोकळ भाग तेवढा मी स्वतः भरीन.

कमिटीला थांबायचं नव्हतं. एप्रिलमध्ये लायब्ररीच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं आणि देणगीदार त्याच दारातून आत येणार होते. मास्तरांकडे डिग्री नव्हती. कॉलेजातले चित्रकार त्यांना पाठीमागे 'प्लास्टरर' म्हणायचे. पंचवीस वर्षं शिकवून त्यांना कधी प्रोफेसर केलं नव्हतं. अशा माणसाच्या सांगण्यावरून मे महिन्यापर्यंत थांबायचं? माझा गाइड कमिटीवर होता. त्याने मला खोलीत बोलावलं.

"सिमेंटचं मॉर्टर, त्यात पॉलिमर. दोन दिवसांचं काम," तो म्हणाला. "पण मी लिहिलं तर आपल्याच प्रयोगशाळेची जाहिरात वाटेल. तू नोकरी केलेला, बाहेरचा इंजिनिअर आहेस. तू लिही. एक पान. तुला दुसऱ्या वर्षाची असिस्टंटशिप हवी आहे ना?"

धमकी नव्हती ती. सहज बोलला. पण मला ती धमकी म्हणून हवी होती, म्हणजे पुढे आयुष्यभर सांगता आलं असतं की माझ्यावर दबाव होता. मास्तरांनी जबड्याबद्दल जे सांगितलं ते मी सांगू शकत नाही. मला भिंतही नको होती. मला फक्त सिमेंटचा माणूस म्हणून ओळखलं जायला हवं होतं.

चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नये हे मला माहीत होतं. पुस्तकातून नव्हे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका दर्ग्याच्या कमानीला कंत्राटदाराने सिमेंटचं ठिगळ मारलं होतं. वडील तिथून जाताना थांबले आणि म्हणाले, "बघ, आता हिला श्वास घेता येणार न्हाई. आतलं पाणी आजूबाजूनं खार घेऊन बाहेर निघंल." पुढच्या वर्षी ठिगळ जागेवर होतं आणि भोवतालचा सगळा गिलावा पिठासारखा झडला होता.

एवढं सगळं माहीत असताना मी टाइप केलं: 'सदर भिंतीच्या बाधित भागासाठी सिमेंटाधारित मॉर्टर सर्व दृष्टींनी योग्य आहे. चुन्याचा वापर ही कालबाह्य पद्धत असून तिची कामगिरी शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध नाही.' खाली सही.

कालबाह्य. वडिलांच्या पन्नास वर्षांना मी एका विशेषणात पुरलं.

मार्चमध्ये दोन कामगारांनी दोन दिवसांत काम उरकलं. मागचा पोकळ भाग सिमेंटने भरला, पायाखालची पट्टी सिमेंटने लिंपली. मास्तर दोन्ही दिवस दारात उभे होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. उद्घाटन झालं, देणगीदारांनी चित्राचं कौतुक केलं. एक बाई 'भिकाऱ्या'जवळ वाकून फोटोसाठी हसली.

जूनमध्ये हवा दमट झाली. मी रोज बघत होतो. आधी त्या माणसाच्या पावलांवर पांढरी लव आली, फुंकरीने उडेल अशी. मग बोटं उडाली. जुलैत पोटऱ्या सुटल्या. पोपडे जमिनीवर पडायचे आणि सफाईवाला ते झाडून न्यायचा. मिठाचा खार वर चढत होता. ठिगळ मजबूत होतं. ठिगळाला काही झालं नाही.

ऑगस्टमध्ये कमिटी पुन्हा बसली, या वेळी भिंतीसमोरच, खुर्च्या मांडून. मलाही बोलावलं होतं. अध्यक्षाच्या हातात माझं पान होतं. तेव्हा मला कळलं की त्या पानाचं काम अजून संपलेलं नाही.

"इंजिनिअरच्या मते दुरुस्ती योग्य होती," अध्यक्ष म्हणाला. "आणि दुरुस्ती आजही उत्तम आहे, बघा. म्हणजे दोष मूळ कामात आहे. ही जुनी पद्धत इथल्या हवेत टिकत नाही." मग माझ्याकडे वळून, "बरोबर?"

हाच तो क्षण. 'नाही' म्हटलं असतं तर माझी मूर्खात गणना झाली असती, गाइड चिडला असता, आणि कदाचित भिंत वाचली असती. सिमेंट काढता आलं असतं. चेहरा आणि हात अजून शाबूत होते.

"दुरुस्ती मानकांप्रमाणे होती," मी म्हणालो.

मास्तर उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"इंजिनिअर, शेवटचं विचारतो. तुझ्या देशात चुन्यात काय घालतात?"

खुर्च्यांवर सात-आठ माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती.

"मला कल्पना नाही, सर. मी काँक्रीटचा माणूस आहे."

त्यांनी खुर्चीवरची टोपी उचलली. मग कमिटीकडे वळले. "झाका," म्हणाले. "आजच झाका. माझ्या गवंड्याला लोकांसमोर असा उघडा ठेवू नका." टोपी घातली आणि गेले.

महिनाअखेर भिंतीपुढे लाकडी चौकट उभी राहिली, तिच्यावर पांढरे पत्रे ठोकले आणि त्यांवर लायब्ररीचा नकाशा लावला.

मी डिसेंबरमध्ये परतणार होतो. नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी दुपारी मास्तरांच्या घरी गेलो. ते मुलीकडे राहायला जाणार होते, घर आवरत होते. मागच्या अंगणात त्या चुन्याच्या खड्ड्यावरच्या फळ्या काढून आत माती लोटत होते. नऊ वर्षांचा चुना, लोण्यासारखा, मातीखाली जात होता.

मी म्हणालो, "माझे वडील गवंडी आहेत. चुन्याचे."

फावडं थांबलं नाही. "माहीत आहे. भिंत ठोकलीस त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आता ते थांबले. आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "मी बोलू? तुझ्या बापाबद्दल मी सांगू? सात महिने वाट बघितली. तू ते पान लिहिलंस तेव्हा वाट बघितली, मिटिंगमध्ये वाट बघितली. म्हटलं, आज बोलेल. मला चौऱ्याहत्तर झाली! माझ्याकडे तुझ्यासाठी महिने नाहीत!"

"मला माफ करा."

"कशाला आलास इथे? भिंतीसाठी? ती झाकली. माझ्यासाठी? मी चाललो. तू तुझ्यासाठी आलास. जा."

मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. एवढं बर्फ तुडवत आलो, कबूल केलं, आणि हा माणूस खुर्चीही देत नाही! फाटकाबाहेर येईपर्यंत मी मनात त्याला शिव्या घालत होतो. अपार्टमेंटमध्ये पुण्याच्या मुलाने विचारलं, "काय काका, चेहरा का पाडलाय?" आणि मी त्याच्यावर ओरडलो, "माझा बाप बिल्डर नाही! गवंडी आहे! चुना मळतो!" तो गोंधळला. "बरं मग?" म्हणाला. "त्यात काय एवढं? बसा, चहा करतो."

त्यात काय एवढं. ज्या भीतीपोटी मी सगळं केलं तिची किंमत त्याच्या लेखी एक कप चहा होती. कदाचित त्याच्या लेखीच. दुसऱ्या कुणी वेगळं काही म्हटलं असतं, आणि म्हटलंही आहे, पुढे, आमच्याच कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये. पण त्या दिवशी तरी मला त्याने तोंडघशी पाडलं.

निघण्याआधी मी मास्तरांना मुलीच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवली. त्यात फळाचं नाव लिहिलं, बेल, आणि चुन्यात काय किती घालायचं ते सगळं. महिन्याभराने गावी पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. 'प्रमाण चूक आहे. एवढ्या गुळाने मुंग्या लागतील. हे तू बापाला विचारलेलं नाहीस.'

खरं होतं. लहानपणीचं आठवून, उरलेलं अंदाजाने भरून लिहिलं होतं. ज्या माणसाला विचारायचं तो आता माझ्यापासून दहा पावलांवर खाटेवर बसला होता आणि मला त्यालाही विचारायचं धाडस झालं नव्हतं.

मग विचारलं.

"का रं?" वडील म्हणाले. "तुमच्या सिमेंटात काय कमी पडलं?"

"एका म्हाताऱ्या चित्रकाराला पाहिजे. अमेरिकेत."

त्यांनी सांगितलं. मापं मुठीची, ओंजळीची, 'बोटाला तार सुटंस्तोवर' अशी. मी उतरवून घेतलं. मध्येच त्यांनी विचारलं, त्याला कसं ठाऊक ह्ये? मी छावणीची, त्या गवंड्याची, भिंतीची गोष्ट सांगितली. ते ऐकता ऐकता सरळ होऊन बसले.

"म्हंजी तिकडं भिंतीवर चुना मळणाऱ्याचं चित्र हाय?"

"आहे."

"मोठं?"

"माणसाएवढं."

"आन् लोक बघत्यात?"

मी कागदावरून मान वर केली नाही. "बघतात," म्हणालो.

पुढची अकरा वर्षं ते येईल त्याला सांगत राहिले. अमेरिकेत आपल्या धंद्याच्या माणसाचं चित्र हाय, लोक उभं राहून बघत्यात, माझ्या पोरानं डोळ्यांनी बघितलंय. गेले तेव्हाही ते तसंच समजून गेले. मास्तरांना खरं प्रमाण पाठवलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. मीही दुसरं पत्र लिहिलं नाही.

मी आता छप्पन्न वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्या कॉलेजला एक पान पाठवलं. माझं जुनं पान चूक आहे, जाणूनबुजून चूक लिहिलेलं आहे, असं सुरुवातीलाच लिहिलं. पुढचं इतकंच: 'भिंत चुन्याची आहे. सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढावं, यंत्राने नाही. भिंत वर्षभर वाळू द्यावी. मग मुरलेल्या चुन्याने भरावी. घाई करू नये. पत्र्यामागे उजव्या कोपऱ्यात बसलेला माणूस भिकारी नाही. तो गवंडी आहे आणि तो चुना मळतो आहे. त्याचे पाय माझ्यामुळे गेले. चेहरा आणि हात उरले असतील तर पत्रा काढावा.'

खाली सही केली. हुद्दा लिहायच्या जागी वडिलांचा धंदा लिहिला. अजून उत्तर आलेलं नाही.